परतीचं तिकीट कधीचं काढायचं?

गेल्या महिन्यात या सदरात मी टेनिसच्या सर्व्हिसच्या वेळी चेंडू किती उंच उडवावा यावर अख्खं पान लिहिलं. एक पत्र आलं नाही. त्याआधी मात्र ओघात एक वाक्य लिहून गेले होते, की मुलीला टेनिसमध्ये घालायचं तर रॅकेटच्या आधी हिशेबाची वही आणा. त्यावर पत्रांचा ढीग! कोल्हापूरकर आपण, हिशेब निघाला की झोपलेलासुद्धा उठून बसतो. त्यातली चार पत्रं आज घेते.

ताई, ऋतुजा भोसलेनं आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले. मग ती विम्बल्डनला का दिसत नाही? यात काही राजकारण आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, गंगावेश

गुरुजी, राजकारण नाही, गणित आहे, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

ऋतुजा आपल्या श्रीरामपूरची. चीनमधल्या हांगझोऊला २०२३ मध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीची फायनल खेळली. पहिला सेट २-६ गेला, दुसरा ६-३ घेतला आणि तिसऱ्या सेटऐवजी होणारा सुपर टायब्रेक १०-४ नं मारला. मी टीव्हीसमोर उभी राहून बघत होते, बसवतच नव्हतं. पण त्या पदकाचे डब्ल्यूटीए, म्हणजे व्यावसायिक महिला टेनिसच्या जागतिक क्रमवारीत गुण किती? शून्य. आशियाई स्पर्धेला क्रमवारीचे गुणच नसतात. आणि मिश्र दुहेरीची तर वेगळी क्रमवारीही नसते.

विम्बल्डनच्या महिला एकेरीत १२८ जणी खेळतात. त्यातल्या १०४ थेट क्रमवारीवरून येतात, १६ पात्रता फेरीतून आणि ८ जणींना वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांच्या मर्जीनं प्रवेश मिळतो. पात्रता फेरीत उभं राहायलासुद्धा साधारण सव्वादोनशे-अडीचशेच्या आतला नंबर लागतो. थेट प्रवेश तर लांबच, ऋतुजा एकेरीत कधी पहिल्या दोनशेतही नव्हती. संपला विषय.

आता हा नंबर येतो कुठून ते बघा. शिडीची सगळ्यात खालची पायरी म्हणजे डब्ल्यू १५ नावाच्या छोट्या स्पर्धा. म्हणजे अख्ख्या स्पर्धेचं बक्षीस पंधरा हजार डॉलर, तेही सगळ्यांत वाटून. एकेरी जिंकली, म्हणजे आठवड्यात पाच सामने जिंकले, तर १५ गुण. पहिल्याच फेरीत हरली तर गुण शून्य आणि हातात दीडशे डॉलरच्या आसपास, आपले बारा-तेरा हजार. शिडीच्या वरच्या टोकाला २०२४ च्या अमेरिकन ओपनमध्ये मुख्य फेरीचा पहिलाच सामना हरलेल्या मुलीला एक लाख डॉलर मिळाले आणि वर १० गुण. खाली पाच सामने जिंकून १५, वर एक हरून १०. आणि हे गुण बावन्न आठवडेच टिकतात. उन्हात पापड घालत पुढे जावं आणि मागून कावळ्यांनी उचलत यावं, तसं चालू असतं.

अंकिता रैना अहमदाबादची, पण पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडली. तिचा एकेरीतला सर्वोत्तम नंबर १६०, तो आला २०२० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. जगात एकशे साठावी! वकिलांत, डॉक्टरांत, गुळाच्या व्यापाऱ्यांत कोणी जगात एकशे साठावा असता तर आपण त्याची हत्तीवरून मिरवणूक काढली असती. टेनिसमध्ये तिला ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे विम्बल्डनसारख्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांच्या दारात उभं राहून आत जाण्यासाठी पुन्हा तीन सामने जिंकावे लागतात. सानिया मिर्झा एकेरीत २००७ साली सत्ताविसाव्या क्रमांकावर पोचली. मग मनगट गेलं, ऑपरेशन झालं, तिनं एकेरी सोडून दुहेरी धरली आणि २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिली झाली. एकेरी सोडली तेव्हा 'संपली' म्हणणारे बरेच होते. त्यातले काही माझ्याच कोर्टावर चहा प्यायचे.

(जाता जाता, गुरुजी, तुम्ही शिक्षक म्हणून सांगते. विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय बाई लीला राव, १९३४ साली. तिची आई पंडिता क्षमा राव, संस्कृतातल्या कवयित्री आणि स्वतःही टेनिस खेळणाऱ्या. शाळेत हे कुणी सांगत नाही.)

मुलगी ११ वर्षांची आहे. दोन वर्षं खेळते. कोच म्हणतात हिच्यात दम आहे, शाळा बंद करा आणि पुण्याला हलवा. वर्षाला किती लागतील? गरज पडली तर गावाकडची दीड एकर विकायची तयारी आहे.
— एक गूळ व्यापारी, शाहूपुरी

दादा, आधी जमिनीचे कागद कपाटात परत ठेवा.

तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या रक्तात आहे. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्तीसाठी जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. पठ्ठ्या गेला, कांस्यपदक घेऊन आला. माझे वडील तालमीतले, शिवाजी पेठेतले. ही गोष्ट सांगताना दर वेळी त्यांचा आवाज भरून यायचा. त्यामुळे कोल्हापुरात बापानं मुलासाठी काही विकलं की आपल्याला त्यात खर्डेकर दिसतात. पण खाशाबांचं हेलसिंकी एकदाच होतं. टेनिसमध्ये हेलसिंकी दर सोमवारी असतं. वर्षातून वीस-पंचवीस सोमवार, दर वेळी वेगळं गाव, वेगळं तिकीट, आणि अशी किमान सात-आठ वर्षं. गहाण टाकायला एवढी घरं कुठून आणणार?

माझं सांगते. एकोणीस वर्षांची असताना मी दिल्लीला स्पर्धेला गेले. घरच्यांनी परतीचं रेल्वेचं तिकीट रविवारचं, फायनल झाल्यानंतरचं काढलेलं. आपली पोरगी जिंकणारच, हा विश्वास. शनिवारी सकाळी पात्रता फेरीत पहिल्याच सामन्यात १-६, १-६. पन्नास मिनिटंही लागली नाहीत. पुढचे आठ दिवस मी एका नातेवाइकांच्या घरी भिंतीकडे बघत काढले. तिकीट बदलता आलं असतं, पण बदललं असतं तर घरी कळलं असतं. टेनिसमधल्या सगळ्यात कठीण कौशल्याबद्दल मला कुणी विचारलं, तर बॅकहँड नाही. परतीचं तिकीट कधीचं काढायचं, हे आहे. आजही मी पालकांना विचारते, तेव्हा नव्वद टक्के म्हणतात, 'मॅडम, फायनलनंतरचं काढलंय.' मी काही बोलत नाही.

बत्तीस मुलींच्या ड्रॉमध्ये एकतीस हरून घरी जातात. दर आठवड्याला. जगातल्या उत्तम खेळाडूसुद्धा वर्षातले बहुतेक आठवडे हरूनच संपवतात. कुस्तीत हरलेला पैलवान पुढच्या मैदानापर्यंत खुराक खातो, मेहनत करतो, लोक विसरतात. टेनिसवाली पोर मंगळवारी हरते, बुधवारी हॉस्टेलच्या बेसिनमध्ये स्वतःचे मोजे धुते, गुरुवारी दुसऱ्या गावची गाडी पकडते. तुमच्या मुलीला हे आयुष्य आवडेल का, हा खरा प्रश्न. 'दम आहे का' हा प्रश्न त्याच्या मागून येतो.

आता खर्चाचं. आकडा विचारलात, मी आकडा देणार नाही. तुमच्या मुलीच्या हातात आकडा ठेवला की ती फोरहँड मारताना तो मोजते. खाती मात्र सांगते: प्रवास, राहणं-खाणं, कोचची फी आणि बाहेर गेलं तर कोचचंही तिकीट, फिजिओ, बूट (कोर्टावर तळवे किती दिवस टिकतात ते तुम्हाला लवकरच कळेल), आणि गटिंग, म्हणजे रॅकेटला तारा बसवणं. गटिंगकडे सगळे दुर्लक्ष करतात. चेंडू जोरात मारणारी मुलगी महिन्याला कितीदा तार तोडेल ते विचारा. त्यात परदेशात बक्षीस मिळालंच तर बहुतेक ठिकाणी कर कापूनच हातात येतं.

पण हे सगळं तुमच्या दारात अजून आलेलंच नाही. ती अकरा वर्षांची आहे. चौदा पूर्ण होईपर्यंत तिला व्यावसायिक स्पर्धा खेळताच येत नाहीत, आणि अठरापर्यंत वर्षाला ठरावीकच. हा नियम उगाच नाही आला. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली आणि थोड्याच वर्षांत कोवळ्या वयात पार कोलमडली. त्यानंतर १९९५ पासून हे कडक केलं. (ती पुढे परत आली आणि ग्रँड स्लॅमही जिंकली, पण ती वेगळी गोष्ट.) तर आत्ता काय? बारा आणि चौदा वर्षांखालच्या राज्यातल्या, देशातल्या स्पर्धा. सांगली, सोलापूर, पुणे, जिथं रात्रीच्या एसटीनं जाऊन येता येतं. सोलापूरला तर आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या महिला स्पर्धाही झाल्या आहेत. तिला एकदा नुसतं बघायला घेऊन जा. फायनल नव्हे, पात्रता फेरी. रिकाम्या खुर्च्यांसमोर दोन मुली जीव तोडून खेळतात, ते तिला बघू द्या, आणि परत येताना काही विचारू नका. तीच काय बोलते ते ऐका.

शाळा बंद करा असं सांगणाऱ्याकडून मी पोळपाट-लाटणंसुद्धा विकत घेणार नाही. ब्रिटनच्या एमा रडुकानूनं २०२१ मध्ये बारावीच्या तोडीची परीक्षा दिली आणि त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकली, तीही पात्रता फेरीतून येऊन. सगळ्या काही रडुकानू नसतात, कबूल. पण ऋतुजा अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत शिकत खेळली, मग परत येऊन सुवर्ण जिंकली. कॉलेजच्या टेनिससाठी तिकडे शिष्यवृत्ती मिळते आणि ती मार्कांशिवाय मिळत नाही. आपल्याकडच्या हुशार मुलीसाठी हा रस्ता मला सगळ्यात शहाणा वाटतो. शाळा सोडली की तो पहिल्यांदा बंद होतो.

पुण्याला जायचं तर चौदा-पंधराव्या वर्षी बघू. तोवर एक काम करा. सराव संपल्यावर चेंडू कोण गोळा करतं आणि किटबॅग कोण उचलतं, ते महिनाभर लक्ष ठेवा. तुम्ही उचलत असाल तर मला परत पत्र लिहू नका.

मी १५ वर्षांची आहे. पाळीच्या दिवसांत स्पर्धा आली की पोटात गोळा येतो. पांढरा स्कर्ट घालायची भीती वाटते. आमचे कोच सर आहेत. त्यांना कसं सांगू?
— जयसिंगपूर

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या वेळी हे पत्र कुणी लिहिलंच नसतं. आम्ही 'ताप आलाय' म्हणायचो.

पहिलं, पांढऱ्या कपड्यांचा हट्ट धरणाऱ्या विम्बल्डननंच २०२३ पासून बायकांना स्कर्टखाली गडद रंगाची शॉर्ट घालायची मुभा दिली. तिथं चालतं तर जयसिंगपूरला कोण अडवणार? आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धांत पांढऱ्याची सक्ती मुळात नसतेच. काळी शॉर्ट, गडद स्कर्ट, झालं.

दुसरं, चीनची झेंग चिनवेन. फ्रेंच ओपन, २०२२. समोर तेव्हाची नंबर एक इगा श्वियाँतेक. चिनवेननं पहिला सेट घेतला. मग पोटात अशा कळा सुरू झाल्या की पुढचे दोन सेट ०-६, २-६. पत्रकारांनी विचारल्यावर तिनं सरळ सांगितलं, पाळीचा पहिला दिवस होता. जगासमोर. दोन वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकला त्याच मैदानावर सेमीफायनलमध्ये तिनं श्वियाँतेकला हरवलं आणि एकेरीचं सुवर्णपदक घेतलं.

सरांना सांगायला लाज वाटत असेल तर वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहून दे. 'सर, या दिवसांत माझा सराव हलका ठेवा.' एवढंच. समजूतदार सर असतील तर कारण विचारणार नाहीत. विचारलंच तर आईला फोन करायला सांग. आणि कळा दर महिन्याला खेळ थांबवण्याइतक्या असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. सहन करण्यात काही शौर्य नाही.

माझी नात रोज उन्हात खेळून काळी पडली. उद्या लग्नाचं कसं व्हायचं? आणि सामन्याच्या आदल्या दिवशी तिला मटण द्यावं का? सूनबाई नको म्हणते.
— एक आजी, मंगळवार पेठ

आजी, सनस्क्रीन लावायला सांगा, कातडीच्या आरोग्यासाठी. स्थळासाठी नको. रंग बघून नाक मुरडणारं स्थळ आपोआप गळतंय, उलट तुमचे चहा-पोहे वाचले. आणि लग्न, मुलं झाली की खेळ संपतो असंही नाही. सानियाला २०१८ मध्ये मुलगा झाला आणि जानेवारी २०२० मध्ये होबार्टला ती दुहेरी जिंकून मोकळी झाली.

मटणाबाबत मी सूनबाईंच्या बाजूची. तांबडा रस्सा आदल्या रात्री नको, सकाळी आठच्या सामन्यात तो घशाशी येतो. वरणभात, चपाती, केळं. थंडाईही नको, ती काही खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरणार नाही. मटण सामना झाल्यावर करा. जिंकली तरी, हरली तरी. पांढरा रस्सा जरा जास्त करा, तिच्या मैत्रिणीही येतील.