लॉन बोल्समध्ये तिशीनंतर आंतरराष्ट्रीय कारकीर्द घडवता येते का?

तिशी ओलांडल्यावर लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवरून मोठे चेंडू (बोल) घरंगळवत एका लहान चेंडूजवळ थांबवण्याचा खेळ, शिकून देशासाठी खेळणे शक्य आहे का, आणि अशा खेळाडूची कारकीर्द कशी असते, असे आपण विचारले आहे. शक्य आहे, असे मी ठामपणे सांगेन. मी स्वतः हा खेळ क्लबच्या पातळीवर खेळत आलो आहे आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा आवर्जून पाहतो.

वयाचा प्रश्न आधी निकाली काढू. 1931 साली जन्मलेल्या इंग्लंडच्या डेव्हिड ब्रायंट यांनी राष्ट्रकुल स्पर्धांत 1962, 1970, 1974 आणि 1978 अशी एकेरीची चार सुवर्णपदके मिळवली (मधल्या 1966 च्या स्पर्धेत हा खेळ नव्हताच), आणि मैदानी एकेरीचे जागतिक विजेतेपद तिसऱ्यांदा जिंकले ते 1988 मध्ये, वयाच्या 56 व्या वर्षी. 2022 च्या बर्मिंगहॅम स्पर्धेत स्कॉटलंडचे जॉर्ज मिलर दृष्टिबाधित खेळाडूचे मार्गदर्शक म्हणून पॅरा बोल्समध्ये सुवर्णविजेते ठरले, तेव्हा ते 75 वर्षांचे होते. त्याच स्पर्धेत भारताच्या महिलांनी चौघींच्या प्रकारात दक्षिण आफ्रिकेला 17-10 असे हरवून सुवर्ण जिंकले. त्या संघातील लवली चौबे पूर्वी धावपटू होत्या आणि नयनमोनी सैकिया वेटलिफ्टर. दोघीही दुखापतींनंतर या खेळाकडे वळल्या होत्या.

कारकीर्द इतकी लांबते, कारण येथे खेळाडूचा कस लागतो तो हिरवळ ओळखण्यात. बोल दिसायला गोल असला तरी त्याचा आकार मुद्दाम असमतोल ठेवलेला असतो. त्यामुळे वेग मंदावू लागला की तो एका बाजूला वळतो, आणि जॅक म्हणजे लहान पांढऱ्या किंवा पिवळ्या चेंडूजवळ त्याला नेऊन थांबवायचे, तर सरळ रेषेबाहेर किती जागा द्यायची हे सोडण्यापूर्वीच ठरवावे लागते. हिरवळीचा वेग सेकंदांत मोजतात: मॅटपासून, म्हणजे खेळाडू जिथून बोल सोडतो त्या चटईपासून, 27 मीटरवर बोल थांबायला जितका वेळ लागतो, तो तिचा वेग. नवख्याला हे उलटे वाटते, पण सेकंद जितके जास्त तितकी हिरवळ जलद, कारण तिच्यावर बोल अगदी हलक्या हाताने सोडूनही तेवढे अंतर कापतो. ब्रिटनच्या ओलसर, मऊ गवतावर हा आकडा साधारण 10 ते 12 असतो. न्यूझीलंडच्या कोरड्या, टणक हिरवळीवर तो 15 च्या पुढे जातो आणि बोलची कमानही बरीच रुंद होते. एका देशात हाताला बसलेले वजन (बोल सोडतानाचा जोर) दुसऱ्या देशात उपयोगी पडत नाही. म्हणून परदेशातील सरावाला आंतरराष्ट्रीय खेळाडूच्या तयारीत फार मोठे स्थान आहे, आणि ज्याला ही संधी वारंवार मिळते तो पुढे जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगच्या गुणांइतकेच हे संधीवरही अवलंबून असते, याचे मला वाईट वाटते.

उत्पन्नाबद्दल मात्र वास्तव ध्यानात ठेवावे. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. राष्ट्रकुल स्पर्धा चार वर्षांनी येते आणि बंदिस्त सभागृहातील जागतिक स्पर्धेसारख्या मोजक्या ठिकाणीच बक्षिसाची रक्कम मोठी असते. त्यामुळे बहुतेक खेळाडू नोकरी सांभाळून खेळतात. सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही पोलीस दलातील कर्मचारी आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या.

निवड होताना खेळाडूची संघातील जागाही पाहिली जाते, आणि उशिरा सुरुवात करणाऱ्याने याचा नीट विचार करावा. चौघांच्या संघात लीड मॅट ठेवतो, जॅक सोडतो आणि पहिले दोन बोल त्याच्याजवळ नेतो; सेकंड आणि थर्ड मांडणी सावरतात किंवा बिघडवतात; स्किप डाव आखतो आणि शेवटचे बोल टाकतो. स्किपची जागा सर्वांना हवी असते, परंतु तिला लागणारा निर्णय अनेक वर्षांच्या सामन्यांतूनच येतो. लीडकडे मागणी एकच असते, ती म्हणजे प्रत्येक एंडला (डावाच्या फेरीला) जॅकच्या जवळ बोल थांबवणे, आणि ही गोष्ट एकट्याने, रोज, एका रिकाम्या रिंकवर (हिरवळीवरील खेळाच्या पट्ट्यावर) घोटता येते. आपण तिशीत सुरुवात करणार असाल, तर याच जागेसाठी तयारी करावी.