एका अक्षराचा माग

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे जनुकशास्त्राविषयी होती. ती येथे एकत्र घेतली आहेत, कारण पहिल्या उत्तरातील एक उदाहरण दुसऱ्या उत्तरात मला पुन्हा लागणार आहे.

प्रश्न : मी मूळची वडोदऱ्याची असून छोटा उदेपूर जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे. सहावीतील एका मुलाला सिकलसेलचा आजार आहे. त्यासाठी परदेशात जनुक दुरुस्त करणारे औषध निघाले असल्याचे वाचले. ते या मुलाला मिळू शकेल का?
— एक शिक्षिका

उत्तर : 'जनुक दुरुस्त करणारे' हा शब्दप्रयोग बातम्यांनी रूढ केला आहे, प्रत्यक्षात हा उपचार बिघडलेल्या जनुकाला हातही लावत नाही. सिकलसेलचे मूळ हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे जनुक, म्हणजे एचबीबी, यातील एका अक्षरात आहे. (जनुकाचा मजकूर ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो.) जीएजी या तीन अक्षरांच्या जागी जीटीजी येते, त्यामुळे प्रथिनात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल बसते, आणि असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यानंतर एकमेकांना चिकटून तांबड्या पेशीला विळ्यासारखा बाक आणते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मान्यता दिलेल्या कॅसजेव्ही या उपचारात रुग्णाच्याच रक्तमूलपेशी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, बाहेर काढून, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद करणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाचा एक नियंत्रक भाग क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राच्या साह्याने निकामी केला जातो. मग ते जुने हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते आणि पेशींना वाकू देत नाही. बिघाड तसाच राहतो, फक्त त्याला पर्याय उभा केला जातो.

अमेरिकेतील मान्यतेच्या वेळी पुरेसा काळ निरीक्षणाखाली असलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने तीव्र वेदनेचा झटका आला नव्हता, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. मात्र पेशी परत देण्यापूर्वी रुग्णाची जुनी अस्थिमज्जा जोरकस केमोथेरपीने रिकामी करावी लागते, मान्यता मिळाली ती बारा वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी, आणि अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर आहे. नवी दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत स्वस्त देशी उपचारावर काम चालू आहे; तरीही आपल्या विद्यार्थ्याबाबत आज विचार करायचा तो हायड्रॉक्सीयुरियाचा, लसीकरणाचा आणि शाळेतल्या दिनक्रमाचा. हायड्रॉक्सीयुरियाची गोळीही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच वाढवते, हे आवर्जून सांगतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि नियमित रक्त तपासून घ्यायची असते.

शाळेत आपल्या हाती बरेच काही आहे. त्याला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी. या आजारात मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, म्हणून त्याने पुन्हा पुन्हा बाहेर जाण्याची परवानगी मागितली तर तो टंगळमंगळ समजू नये. थंडीत पहाटे गार पाण्याने आंघोळ किंवा मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा त्याला कधीही देऊ नये, आणि ताप आल्यास सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. आपल्या भागातील अनेक रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मुळातच थोडे जास्त आढळते व आजार सौम्य राहण्याकडे कल असतो, परंतु या मुलाचेही तसेच असेल असे गृहीत धरता येत नाही.

त्याच्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी जनुकाची एक बिघडलेली प्रत बाळगणारे, असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. 'एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली' असा हिशेब अनेक घरांत केला जातो, तो चूक आहे.

प्रश्न : माझी कन्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला जीवरसायनशास्त्र शिकते. तिला बायोइन्फर्मॅटिक्सकडे वळायचे आहे. एका खासगी संस्थेचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, पण शुल्क आम्हांला जड आहे. घरचा लॅपटॉप साधा आहे. शुल्क भरावे का? आणि आधी पायथन शिकावे की आर?
— एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : शुल्क भरण्याचा निर्णय सहा महिने पुढे ढकलावा, असे मी सुचवेन. बायोइन्फर्मॅटिक्सचे, म्हणजे जीवशास्त्रातील माहिती संगणकावर तपासण्याच्या शास्त्राचे, बहुतेक साहित्य सार्वजनिक आणि विनामूल्य आहे. जड गणिते दूरच्या संगणकावर करून देणारी गॅलेक्सीसारखी व्यवस्था ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे साध्या लॅपटॉपची अडचण प्रारंभी जाणवणार नाही. अडचण असते ती वेगळीच. विद्यार्थी दहा साधनांची नावे शिकतात, प्रमाणपत्र घेतात, आणि समोर आलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची त्यांना सवयच लागलेली नसते. म्हणून ज्या गोष्टीचे उत्तर आधीच माहीत आहे, अशा एखाद्या गोष्टीपासून कन्येने आरंभ करावा. वरच्या उत्तरातील सिकलसेलचे ते एक अक्षर तिने स्वतः शोधून काढावे.

एनसीबीआय या अमेरिकेतील सार्वजनिक माहितीकोशाच्या संकेतस्थळावरून एचबीबी जनुकाचा फक्त प्रथिन सांगणारा क्रम (सीडीएस) उतरवून घेऊन, तीन-तीन अक्षरांचे गट पाडून त्यांचे प्रथिनात भाषांतर करणारा दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम तिने पायथन या संगणकभाषेत लिहावा. १४७ अमिनो आम्ले मिळाली की पहिला टप्पा जमला. लगेच पहिली ठेच लागेल: जुनी पुस्तके बदल सहाव्या स्थानी सांगतात, तर तिच्या प्रोग्रॅमला ते जीएजी सातव्या स्थानी दिसेल. कारण इतकेच, की तयार प्रथिनातून गळून पडणारे आरंभीचे मेथिओनिन जुन्या मोजणीत धरलेले नसे.

पुढे जिनोम ब्राउझरमध्ये, म्हणजे माणसाचा संपूर्ण जनुकसंच नकाशासारखा दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, हेच स्थान उघडल्यावर दुसरी ठेच. तेथे जीएजी दिसणारच नाही, सीटीसी दिसेल. डीएनएच्या दोन धाग्यांत ए समोर टी आणि जी समोर सी असतो, व ते धागे उलट दिशांनी वाचले जातात. हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर उलट्या धाग्यावर आहे, त्यामुळे जनुकात ए चा टी होतो तेव्हा संदर्भक्रमाच्या, म्हणजे तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या मानवी क्रमाच्या, फायलीत टी चा ए झाल्याची नोंद असते. पाठ्यपुस्तकात 'पूरक धागा' हा शब्द तिने शंभर वेळा वाचला असेल; येथे तो पहिल्यांदा कळेल.

तिसरी ठेच मी स्वतः खाल्ली आहे, आणि तिने माझे दोन दिवस घेतले. हे अक्षर संदर्भक्रमाच्या २००९ च्या आवृत्तीत, म्हणजे जीआरसीएच ३७ मध्ये, ५२,४८,२३२ या स्थानी आहे. २०१३ च्या जीआरसीएच ३८ आवृत्तीत तेच ५२,२७,००२ या स्थानी आहे. मी जुना क्रमांक घेऊन नव्या आवृत्तीच्या फायलीत शोधत बसलो होतो. संगणकाने कसलीही तक्रार केली नाही, त्याने निमूटपणे 'काही सापडले नाही' असे सांगितले, आणि ज्या नमुन्यात बदल होता तो मी निर्दोष ठरवून मोकळा झालो. या विषयातील चुका अशाच असतात. त्या आवाज करीत नाहीत.

तिला हे तीन अडसर ओलांडता आले, की तिने जगभरातील लोकांचे जनुकसंच खुले करणाऱ्या १००० जिनोम्स प्रकल्पाची अकराव्या गुणसूत्राची फाइल घेऊन जगातील कोणत्या गटात हे अक्षर किती आढळते ते मोजावे. फाइल मोठी असल्याने लिनक्सच्या आज्ञा शिकणे येथे आपोआप भाग पडेल. या प्रकल्पात एक गुजराती गटही आहे. मात्र त्यातील शंभरेक नमुने अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात राहणाऱ्यांचे आहेत. त्यांच्या आकड्यांवरून छोटा उदेपूरच्या राठवा आदिवासी वस्तीविषयी काही बोलता येईल का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारावा, कारण तो प्रोग्रॅमिंगपेक्षा महत्त्वाचा आहे. याच उणिवेमुळे आपल्याकडे जिनोम इंडिया प्रकल्प हाती घेतला गेला; देशभरातील दहा हजार व्यक्तींच्या जनुकसंचांची त्याची माहिती ९ जानेवारी २०२५ रोजी खुली झाली व ती फरिदाबादच्या केंद्रात आहे. संशोधकांना ती अर्ज करून मिळते, विद्यार्थ्याला घरबसल्या नव्हे.

पायथन की आर, या वादात फार वेळ घालवू नये. फायली आणि क्रम हाताळायला पायथन सोयीचे आहे. पुढे जनुकांच्या अभिव्यक्तीची, म्हणजे कोणते जनुक किती सक्रिय आहे याची, तुलना करायची वेळ आली, की बायोकंडक्टर या साधनसंचासाठी आर ही संगणकभाषा लागेलच. संख्याशास्त्र मात्र दोन्हींपेक्षा आधी हवे, आणि त्यासाठी विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या तासांना बसण्याची परवानगी मिळत असेल तर ती जरूर मागावी.

एक्सेलविषयीही सांगितले पाहिजे. जनुकांच्या याद्या त्यात उघडल्या तर 'सेप्ट २' हे जनुकाचे नाव '२ सप्टेंबर' होऊन बसते. हा उपद्रव इतका वाढला, की २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने त्याचे नावच 'सेप्टिन २' असे केले. सॉफ्टवेअर बदलेपर्यंत थांबण्यापेक्षा माणसाच्या जनुकाचे बारसे पुन्हा करणे शास्त्रज्ञांना सोपे वाटले, याची मला अजूनही गंमत वाटते.

सहा महिन्यांनी हे सारे झाल्यावर तिला अभ्यासक्रमाची गरज वाटली, तर काय शिकायचे राहिले आहे हे तिला नेमके ठाऊक असेल, आणि ते तेथे शिकवतात का, हे ती शुल्क भरण्यापूर्वी विचारू शकेल.

प्रश्न : लाळेच्या तपासणीवरून मुलाने विज्ञान शाखा घ्यावी की वाणिज्य, हे सांगणारी जाहिरात पाहिली. त्यात तथ्य आहे का?
— एक पालक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : नाही. शिक्षणातील वाटचालीवर परिणाम करणारी जनुकीय स्थाने हजारोंनी आहेत व प्रत्येकाचा वाटा नगण्य आहे. २०२२ मध्ये सुमारे तीस लाख लोकांच्या, तेही युरोपीय वंशाच्या, माहितीवर आधारलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, पण त्याही बळावर एका मुलाची शाखा ठरवता येत नाही, आणि अन्य वंशांच्या लोकांत तर असे अंदाज आणखी ढिले पडतात. अशा तपासणीतून कानातला मळ ओला आहे की कोरडा, हे मात्र बऱ्यापैकी भरवशाने सांगता येते, कारण ते मुख्यतः एबीसीसी११ या जनुकातील एका अक्षरावर ठरते. परंतु ते पैसे न देताही समजते.