स्पीकर एक तुला, एक मला

"तो मेला तर किती बरं होईल, असं मनात येतं. मी इतकी वाईट आहे का?"

माझ्याकडे समुपदेशनाला येणारी, घटस्फोटाच्या वाटेवरची माणसं हा प्रश्न इतक्या सरळपणे क्वचितच विचारतात. झोप लागत नाही, चिडचिड होते, पित्त वाढलंय, असं करत करत तिसऱ्या-चौथ्या भेटीत गाडी मूळ मुद्द्यावर येते. या बाई मात्र एका सिनेमाच्या आडून आल्या. (ओळख पटू नये म्हणून त्यांच्या कहाणीतले तपशील बदललेत. स्पीकरचा तेवढा त्यांच्या परवानगीने तसाच ठेवलाय.)

सिनेमा होता १९८९ चा 'द वॉर ऑफ द रोझेस'. मायकल डग्लस आणि कॅथलीन टर्नर हे नवरा-बायको, ऑलिव्हर आणि बार्बरा रोझ. दिग्दर्शक डॅनी डेव्हिटो, आणि सिनेमातला वकीलही तोच. तासाला ४५० डॉलर घेणारा हा वकील घटस्फोट मागायला आलेल्या एका अशिलाला रोझ मंडळींची गोष्ट फुकटात सांगतो. बार्बराने वर्षानुवर्षं खपून घर सजवलेलं असतं. तिला घटस्फोट हवा असतो आणि घर हवं असतं, ऑलिव्हर घर सोडायला तयार नसतो. मग एकाच छपराखाली लढाई जुंपते. तो तिच्या बुटांच्या टाचा कापतो, ती त्याच्या लाडक्या गाडीवर स्वतःची अवजड गाडी चढवते. तिने पाहुण्यांसाठी केलेल्या माशांवर तो काय करतो ते इथे लिहीत नाही. शेवटी दोघं झुंबराला लटकतात, झुंबर कोसळतं आणि दोघंही जातात. २०२५ मध्ये 'द रोझेस' या नावाने ही गोष्ट पुन्हा पडद्यावर आली, पण बाईंनी पाहिला तो जुनाच.

"त्याच्या गाडीचा चेंदामेंदा होतो ना, तिथे मी एवढी हसले की डोळ्यांतून पाणी आलं," बाई म्हणाल्या. "आणि मग वाटलं, आपण कशाला हसतोय! मॅडम, आमचंही असंच होणार का?"

मी विचारलं, सिनेमा मध्येच थांबवावासा वाटला असा प्रसंग कुठला? त्यांनी गाडीचं नाव घेतलं नाही. त्या हॉस्पिटलबद्दल बोलल्या.

ऑलिव्हरच्या छातीत दुखायला लागतं, सगळ्यांना वाटतं हार्ट अटॅक. निघतो हायटल हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकल्याचा त्रास. नंतर बार्बरा त्याला सांगते की तो गेला असेल या विचाराने तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. पुढचा सगळा धुडगूस लोकांच्या लक्षात राहतो. समुपदेशक म्हणून मला विचाराल तर त्या सिनेमातला सगळ्यात खरा क्षण हाच. बाईंच्या नवऱ्यालाही एकदा घरी यायला खूप उशीर झाला होता, फोन लागत नव्हता. त्या दोनेक तासांत आपण काय काय विचार केला हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मनातल्या मनात लोक भेटायला येऊनसुद्धा गेले होते.

मी त्यांना सांगितलं ते असं. असा विचार येणं म्हणजे खुनशीपणा नव्हे. ज्याला बाहेर पडायची वाट दिसत नाही, त्याचं मन अशी वाट शोधतं जिथे आपल्याला काहीच ठरवावं लागणार नाही. कोर्ट नाही, दोन्हीकडच्या नातेवाइकांना तोंड देणं नाही, मुलांना समोर बसवून सांगणं नाही. विधवेला लोक सहानुभूती देतात, घटस्फोट मागणारीकडे हिशेब मागतात. मन त्यातलं स्वस्त पडणारं निवडतं, इतकंच. नवरा मरावा असं त्यांना वाटत नव्हतं. निर्णय आपल्याला घ्यावा लागू नये, असं वाटत होतं. हे ऐकून त्या बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "म्हणजे मला घटस्फोट हवाच आहे." तोपर्यंत आमच्या बोलण्यात "त्याला हवाय" असंच यायचं.

विचाराची काळजी नको, पण एका गोष्टीची काळजी मला वाटली. पुढच्या भेटीला त्या वाटणीची यादी घेऊन आल्या. चार घड्या घातलेले कागद, एक अक्षर त्यांचं, एक त्याचं, खोडाखोड इतकी की काही ठिकाणी कागद फाटलेला. पुस्तकांचं कपाट, शिलाई मशीन, मुलांचे पलंग, आणि मधेच एक ओळ: 'स्पीकर (जोडी). एक-एक.'

"एक स्पीकर घेऊन तुम्ही काय करणार?"

"काही नाही. पण त्याच्याकडेही एकच राहील ना!"

हे त्या क्षणात बोलून गेल्या आणि मग कागदाकडे बघत बसल्या. रोझ मंडळींच्या वाटेवरचं पहिलं पाऊल गाडी चिरडणं नव्हे, ही असली ओळ आहे.

मी त्यांना पेन्सिल दिली. प्रत्येक वस्तूपुढे दोनच खुणा करायच्या: ही मला हवी आहे, की ही त्याला मिळू नये? आठवड्याने यादी आली तेव्हा पहिली खूणच जास्त वस्तूंपुढे होती, आणि त्या वस्तूंसाठी पुरेपूर भांडा असं मी त्यांना सांगितलं. समुपदेशक म्हणजे 'सोडून द्या हो' म्हणणारी बाई, असा एक समज आहे. मला तो मान्य नाही. मोठेपणाने सगळं सोडून दिलेली माणसं पुढे जास्त कडवट होऊन परत येताना मी पाहिलीत. हक्काचं आहे ते मागावं, वकिलामार्फत मागावं, त्यात लाज कसली. दुसरी खूण असलेल्या वस्तू मात्र वेगळ्या. त्या मिळाल्या तरी हाती काही लागत नाही, आणि नेमक्या त्यांच्यापायीच रात्र-रात्र जागावं लागतं.

सिनेमातून दोन धडे मी त्यांना मुद्दाम काढून दिले. आजारपणात ऑलिव्हरने बायकोला हळवी चिठ्ठी लिहिलेली असते. तिचा वकील तीच चिठ्ठी त्याच्याविरुद्ध वापरतो. तेव्हा रागाच्या किंवा उमाळ्याच्या भरात रात्री मेसेज लिहिलात तरी पाठवायचा तो सकाळी, वाचून. दुसरा घराचा. ऑलिव्हर कायद्यातली पळवाट शोधून घरात परत येतो. तो तिथला कायदा, त्यातही सिनेमातला. आपण घर सोडायचं की नाही, हे पडद्यावर बघून किंवा मैत्रिणीने सांगितलं म्हणून ठरवू नये. आधी वकिलाला विचारावं. बाईंनी विचारलं, आणि वकिलाचं उत्तर त्यांच्या मैत्रिणीच्या अगदी उलट निघालं.

मुलांबद्दल फार बोलावं लागलं नाही. "पप्पांना सांग" हे वाक्य घरातून हद्दपार करायचं, एवढंच ठरवलं.

या सिनेमाबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी प्रत्येक वेळी सांगते. त्यात दोघं तुल्यबळ आहेत, म्हणून हसू येतं. तोही मारतो, तीही मारते, फिट्टंफाट. प्रत्यक्षात पुष्कळ घरांत एकच जण वस्तू फोडतो आणि दुसरा पावलांचा आवाज ऐकून खोलीचं दार लावून घेतो. ते युद्ध नव्हे, तो अत्याचार आहे. तिथे यादी आणि पेन्सिल काढत बसायचं नसतं, आधी सुरक्षित जागा, पोलीस आणि वकील. म्हणून पहिल्याच भेटीत, एकटं गाठून, मी विचारते: घरी परत जायची भीती वाटते का? बाईंनाही विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "भीती नाही हो, वीट आलाय." त्यानंतरच आम्ही पुढे गेलो.

स्पीकरचं पुढे काय झालं, हे लोक आवर्जून विचारतात. बाईंनी दोन्ही स्पीकर नवऱ्याच्या नावापुढे लिहून यादी पाठवली. मला वाटलं होतं, तो विरघळेल, निदान आभार तरी मानेल. त्याचं उत्तर आलं: "मग वायर पण दे."

बाईंनी तो मेसेज मला दाखवला, दुसऱ्या दिवशी सकाळी वायर गुंडाळून स्पीकरच्या खोक्यात टाकली आणि यादीतल्या पुढच्या ओळीवर आल्या. ती शिलाई मशीनची होती. ती मात्र त्यांनी सोडली नाही.