आजोळच्या माळ्यावर सापडलेल्या दोन जुन्या लष्करी रायफली कुठल्या आणि त्यांना किंमत किती येईल?

तुमचा प्रश्न असा: पेडण्यातल्या आजोळच्या घराची कौलं परतताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेल्या दोन रायफली मिळाल्या. एकीवर मुकुट आणि 'स्टायर १८८६' कोरलेलं, दुसरीवर मुकुट, 'जी. आर.' आणि १९१७. मामा म्हणतात, पहिली राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध केलेल्या बंडातली आहे. आता ती कुठली, किती रुपयांची आणि विकता येईल का?

आधी एक काम करा. बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारी लोखंडी खिळी) ओढून बघणं, चाप दाबून बघणं आजच बंद. पहिली जर मला वाटते तशी क्रोपाचेक रायफल असेल, तर तिच्या नळीखालच्या लाकडात आणखी एक पोकळ नळी असते आणि तीत आठ काडतुसं एकामागे एक बसतात. बोल्ट मागे ओढल्यावर वरचं घर रिकामं दिसतं, माणूस निर्धास्त होतो, पण खालच्या नळीत गोळ्या असू शकतात. बाजूला एक छोटी खिट्टीही असते, ती त्या गोळ्या अडवून ठेवते. खिट्टी कुठल्या बाजूला आहे हे ठाऊक नसताना बोल्ट पुढे-मागे करणं म्हणजे आपणच काडतूस चढवणं. दोन्ही रायफलींच्या नळ्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवा, पोरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका.

ही क्रोपाचेक. पोर्तुगालने १८८६ साली आपल्या सैन्यासाठी घेतली, ऑस्ट्रियातल्या स्टायरच्या कारखान्यात बनली, काडतूस ८ मिलिमीटरचं. मुकुटाखाली 'एल' अक्षर असेल तर ते राजा लुईश पहिला यांचं. ते १८८९ साली वारले. तिथे 'सी' असेल तर गोष्ट वेगळी. ती कार्लुश राजाची खूण, आणि ती सहसा मौझर-व्हेर्गेइरूवर दिसते. ही १९०४ ची रायफल, बर्लिनला बनलेली, ६.५ मिलिमीटरची. मात्र तुम्ही स्टायर म्हणताय, म्हणून क्रोपाचेकच धरून चालतो.

मामांच्या गोष्टीकडे येऊ. आपल्याकडे प्रत्येक जुन्या बंदुकीला राण्यांच्या बंडाची पदवी मिळते, आणि त्यात मला गंमतच वाटते. दीपाजी राणे उठले १८५२ साली, नाणूसचा किल्ला घेतला. त्या काळी गोव्यात ठासणीच्या बंदुका; क्रोपाचेकचा जन्मच झाला नव्हता. दादा राण्यांचं बंड मात्र १८९५ चं. आफ्रिकेत पाठवण्याच्या हुकमावरून मराठा शिपायांनी उठाव केला, ते नाणूसला गेले, मग राणे त्यांना मिळाले. त्या वेळेपर्यंत क्रोपाचेक पोर्तुगीज सैन्यात येऊन काही वर्षं झाली होती. म्हणजे मामांचं म्हणणं काळाच्या हिशेबात बसतं, एवढंच. बसतं म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे. तीच रायफल १९०४ ची निघाली असती तर मात्र गोष्ट तिथेच संपली असती.

दुसरी बहुतेक ली-एनफिल्ड, पॉइंट ३०३ (नळीचं माप ०.३०३ इंच). बोल्टच्या दांड्याच्या मागे, दस्त्याला धरून जी लोखंडी पट्टी असते तिच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि मॉडेल एकाखाली एक कोरलेलं असतं. 'जी. आर.' म्हणजे पाचवा जॉर्ज. शेवटी 'आय' जोडलेला असेल तर ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली असण्याची दाट शक्यता. इंग्रजी बंदूक पेडण्यात कशी, असा प्रश्न पडला असेल. पण पलीकडे सावंतवाडी, इंग्रजी राज्य हाकेच्या अंतरावर. शिवाय पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या फ्लँडर्सला लढलेल्या पोर्तुगीज तुकड्यांकडेही हीच रायफल होती.

आता किंमत. अमेरिकेतल्या लिलावाच्या साइट बघून आकडा काढू नका. तिथे अशा साध्या प्रतींना काही शे डॉलर मिळतात, पण तो बाजार आपला नाही. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. इथे घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. पॉइंट ३०३ तर प्रतिबंधित बोअर (नळीचं माप), तिची परवानगी केंद्र सरकारकडे. विकताना जिल्हाधिकारी किंवा पोलिस ठाण्याला गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. रानडुक्कर, गवा हाकलण्यासाठी ज्यांच्याकडे शेतीरक्षणाचा परवाना आहे ते ८ मिलिमीटरची क्रोपाचेक घेऊन काय करणार? काडतुसं मिळत नाहीत. तेव्हा गिऱ्हाईक उरतं ते हौशी संग्राहकाचं, आणि तो मोजतो कागदाचे पैसे. बोल्ट, नळी, दस्ता यांवरचे क्रमांक जुळतात का, हे तो आधी बघतो. मग आजोबांच्या नावचा पोर्तुगीज काळातला परवाना, एखादा फोटो.

म्हणून घासूपुसू नका. पॉलिश पेपरने चकाकवलेली रायफल माझ्या मते अर्धी मेली. कोरलेली अक्षरं पुसट झाली की ओळख संपली. दस्त्याला वॉर्निश नको, खोबरेल तेल तर नकोच, ते साचून चिकट होतं. नळी कापून 'शोभेची' करून देतो म्हणणारा भेटेल, त्यालाही नाही म्हणा. कायद्यात वापरायोग्य नसलेल्या, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारांना सूट आहे, पण तुमची तशी आहे की नाही हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नसतं.

परवान्याविना बंदूक बाळगणं हाच गुन्हा आहे, त्यामुळे ती गाडीत घालून ठाण्यात न्यायची नाही. वकिलाकडून अर्ज लिहून घ्या: कुठे, कधी, कोणासमोर सापडल्या, सोबत फोटो. पोलिसांना घरी येऊन ताब्यात घ्यायला सांगा. जमा पावतीवर प्रत्येकीचा क्रमांक आणि कोरीव खुणा लिहून घेतल्याशिवाय सही करू नका, कारण पुढे वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना हीच पावती लागणार. आमच्या डिचोलीच्या घरची ठासणीची बंदूक दर निवडणुकीत ठाण्यात जाते, तेव्हा वडील ही पावती देवघरातल्या डब्यात ठेवायचे.

मामांना विचारा की आजोबांच्या पेटीत 'लिसेंसा' (परवाना) असं लिहिलेला पोर्तुगीज कागद आहे का. सापडला तर आणि आजोबा सरकारी नोकरीत असतील तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात नाव, गाव आणि साल घेऊन जा. तिथे पोर्तुगीज राजवटीचे दप्तर आहेत.