सध्या काय वाचताय, आणि त्यातलं काय सुचवाल?

तुम्ही विचारलंय की अलीकडे वाचलेल्यांपैकी वेगवेगळ्या प्रकारची कोणती पुस्तकं सुचवाल, आणि खाली जोडलंय की एकाच छापाच्या कादंबऱ्या वाचून कंटाळा आलाय. छाप कुठला ते लिहिलं नाहीत, पण अंदाज येतो. पानोपानी घोडे दौडतात आणि विशेषणं त्यांच्याही पुढे धावतात, तो छाप असेल तर मीही तुमच्याच पंगतीत.

माझी आवड आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं त्या हिशेबाने घ्या. माणसं काय जेवली, दक्षिणा किती मिळाली, पायात वहाणा होत्या की नव्हत्या, हे सांगणाऱ्या लेखकावर माझा विश्वास बसतो. 'मनाच्या गाभाऱ्यात काहूर' सुरू झालं की मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघते. वाचन होतं ते बहुतेक ठाणे-पनवेल लोकलमध्ये, नौपाड्यातून बेलापूरच्या ऑफिसला जाता-येता. बायकांच्या डब्यात कोणी मटार सोलत असतं, कोणी व्हिडिओ कॉलवर नणंदेची उणीदुणी काढत असतं. त्या गलक्यातही जे पुस्तक उतरायचं स्टेशन विसरायला लावतं, ते चांगलं.

पहिलं नाव गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'चं. हे पुस्तक सगळ्यांना माहीत असतं आणि फार थोड्यांनी वाचलेलं असतं. विष्णुभट गोडसे वरसईचे, म्हणजे पनवेल ओलांडलं की पुढे पेण तालुक्यातले, अगदी आपल्या शेजारचेच. घरात कर्ज. उत्तरेत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, ब्राह्मणांना चांगली दक्षिणा मिळणार, अशी बातमी येते आणि हा तरुण भिक्षुक काकांना बरोबर घेऊन निघतो. साल कुठलं, तर १८५७! महूच्या वाटेवर बंडाची कुणकुण लागते, आणि पैसे मिळवायला निघालेला माणूस थेट इतिहासाच्या तोंडी सापडतो.

गंमत अशी की भटजी शेवटपर्यंत भटजीच राहतात. कुठे कोणी काय दान दिलं, कुठे जेवण चांगलं होतं, कुठल्या गावच्या चालीरीती काय, हे सगळं ते मनापासून नोंदवतात. इंग्रजांनी झाशीला वेढा दिला तेव्हा ते गावातच होते. गाव पडल्यावर लूट कशी झाली ते त्यांनी क्रमाने सांगितलंय : आधी सोनं-चांदी, मग तांबं-पितळ, कपडेलत्ते, धान्य. त्यात आक्रोश फार नाही, यादी आहे, आणि त्या यादीनेच अंगावर काटा येतो. झाशीचा ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाला त्याचं मात्र त्यांना खरोखर वाईट वाटलंय. स्वतः संस्कृत शिकलेला माणूस, पोथीची किंमत त्याला कळत होती.

आणि काल्पीच्या वाटेवरचा तो विहिरीचा प्रसंग. धुळीने माखलेली राणी घोड्यावरून येते, तिला तहान लागलेली असते. भटजी पाणी काढायला पुढे होतात तर ती थांबवते : तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी ओढू नका. स्वतःच दोर धरते, पाणी काढते आणि पिते. पुतळ्यातली आणि सिनेमातली राणी आपण सगळ्यांनी पाहिलीय. तहानलेली राणी मला या पुस्तकात भेटली. मिळवलेलं बरंचसं वाटेत लुटलं जातं आणि घरी परतताना भटजींच्या खांद्यावर असते गंगेची कावड, आईवडिलांना स्नान घालायला. पुढे पुष्कळ वर्षांनी इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे लिहून काढलं, छापलं गेलं १९०७ साली. वैद्यांनी त्यावर बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती नंतर निघाली. मिळाली तर तीच घ्या.

ते संपल्या-संपल्या लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' उघडा. तेही १८५७ पासूनच सुरू होतं. आईच्या वडिलांना त्या बंडात फाशी झालेली, आणि त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं ते कायमचं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. प्रत्येक म्हणजे मीठसुद्धा, गूळसुद्धा! हे वाचताना मला डब्यात हसू आवरेना. शेजारच्या बाईंनी विचारलं म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग कोरोनात आपण तरी काय केलं? दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या की नाही?" अख्खी बाकडी हसली.

फुलामुलांचे कवी म्हणून आपण ज्या रेव्हरंड टिळकांना शाळेत भेटलो, ते घरात किती विलक्षण आणि किती अवघड होते ते बायकोकडून ऐकावं. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्या काळात एकटीने काय सोसलं असेल! पण त्या स्वतःची कीव करत नाहीत, नवऱ्याला झोडपत नाहीत आणि देव्हाऱ्यातही बसवत नाहीत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने इतकं सरळ, इतकं मिस्कील मराठी लिहिलं. माझ्या मते मराठी आत्मचरित्रांत याच्या वर दुसरं नाही. वाद घालायचा असेल तर आधी वाचून या.

आता अलीकडचं. कृष्णात खोतांची 'रिंगाण', २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. धरणासाठी गाव उठलंय, आणि मागे राहिलेली एक म्हैस रानात राहून रानटी झालीय. तिला आणायला एक माणूस परत त्या रानात जातो. गोष्ट एवढीच. कोल्हापूरकडची बोली आहे, पहिली वीसेक पानं आपल्याकडच्या माणसाला अडखळायला होतं. थोडं पुटपुटत, कानाने ऐकल्यासारखं वाचा, म्हणजे लय सापडते. बाई-माणसांपेक्षा म्हैस आणि रान यांचंच वर्णन जास्त आहे, ते काहींना रेंगाळल्यासारखं वाटेल. मला नाही वाटलं. म्हशीच्या पावलांचा माग काढणं इतकं बारकाईने लिहिणारा माणूस गुरांमागे फिरलेलाच असणार.

ही कादंबरी मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला दिली. तो घणसोली गावठाणातला, म्हणजे सिडकोने नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या त्यांतल्या एका गावचा. वाचनाची फारशी सवय नाही, तरी चार दिवसांत परत आणून दिली. म्हणाला, "मॅडम, आमची आजी अजून सेक्टरचे नंबर घेत नाही. हे खाजण, ते मिठागर, इथे आपली भाताची शेती, असंच बोलते. रिक्षावाला पार वैतागतो." मग जेवणाच्या सुट्टीत त्याने कागदावर नकाशा काढला. आताच्या सोसायट्यांच्या जागी शेतांची नावं, बांध, भरतीचं पाणी अडवायची उघाडी. पुस्तकाबद्दल तो तसं काहीच बोलला नाही. त्याच्याइतकी दाद मी कुठल्याच परीक्षणात वाचलेली नाही.

विज्ञानकथा हवी असेल तर खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा कपाटातून पुन्हा खाली काढले. त्यांची पहिली कथा, 'कृष्णविवर', मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत गेली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपली आद्याक्षरं उलटी करून हे नाव बनवलेलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती बायकोकडून उतरवून घेतलेली. बक्षीस मिळालंच! 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा तर क्रिकेट आवडणाऱ्या पोराच्या हातात बिनधास्त द्या. उजव्या हाताने खेळणारा माणूस अचानक डाव्याने गोलंदाजी करू लागतो आणि कारण निघतं भूमितीत. पात्रं थोडी पुठ्ठ्याची आहेत, ते कबूल. पण कल्पना अशी चोख मांडलेली असते की तक्रार करावीशी वाटत नाही.

भयकथांत नारायण धारप. एवढंच सांगते की रात्री अकराच्या, निम्म्या रिकाम्या गाडीत वाचू नयेत.

कवितेत अरुण कोलटकरांची 'भिजकी वही'. २००३ साली आलेलं जाडजूड पुस्तक, पानोपानी जगभरातल्या रडणाऱ्या बायका : प्राचीन अलेक्झांड्रियातली विदुषी हायपेशिया, तमिळ महाकाव्यातली कण्णगी, व्हिएतनाममधली ती पोळलेली किम. सोपं नाही. काही कविता मला तिसऱ्या वाचनातही पुरत्या लागलेल्या नाहीत आणि काही पहिल्याच ओळीला लागल्या. हे मात्र विकतच घ्या. लायब्ररीची मुदत याला पुरत नाही, आणि दंड भरत बसण्यात अर्थ नाही.

बाकीच्यांसाठी लायब्ररी उत्तम. ठाण्यात राहत असाल तर मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच, १८९३ साली सुरू झालेलं, 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणाऱ्या वि. ल. भाव्यांच्या पुढाकाराने. मॉलमधल्या दुकानांत मराठीचं एकच कपाट असतं आणि त्यातही अर्धी पुस्तकं 'पहाटे चारला उठा' म्हणणारी. मला असली दोन भेट आलीत. दोन्ही कोरी आहेत, हवी असतील तर सांगा.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६) मी एका दमात वाचत नाही. त्यात महिन्यांवरचे ललितलेख आहेत, तेव्हा ज्याचा लेख त्या महिन्यात. फाल्गुनात लेख वाचून रविवारी सकाळी येऊरला गेलो, अहो कुरकुरतच आले. पांगारा लालभडक फुललेला, त्यावर मैना आणि बुलबुलांची भांडणं. दुर्गाबाई फुलाचा देठ, पाकळीची कड, पानगळीचा रंग असं नेमकं सांगतात, आणि मग आपल्याला रस्त्याकडेची झाडंही वेगवेगळी दिसायला लागतात. यंदा अहोंनी आषाढाचा लेख स्वतःहून मागून घेतला.

सध्या पिशवीत किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' आहे. काळ पुढे-मागे उड्या मारतो, निवेदक कुशंक कधी चिडवतो, कधी हसवतो, आणि १९७४ साली हे लिहायची या माणसाची छाती कशी झाली असं दर चार पानांनी वाटतं. अजून निम्मी बाकी आहे. ती संपली की याच उत्तरात भर घालीन.