जागतिकीकरण म्हणजे व्यापार, मग त्यात लष्कराचा संबंध कुठे येतो?

संबंध समुद्रात येतो. नाशिकची द्राक्षं न्हावा-शेव्यातून नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात जातात, त्यांचा नेहमीचा मार्ग तांबडा समुद्र आणि सुएझ कालव्याचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज पळवलं, मग इतर जहाजांवर ड्रोन-क्षेपणास्त्रं सोडली. बड्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला, भाडं आणि विमा भडकला. द्राक्षासारख्या नाशवंत मालाला हे दिवस किती महाग पडतात ते बागायतदारालाच विचारा!

व्यापार वाचवायला मग युद्धनौका आल्या. अमेरिकेने डिसेंबरात आघाडी उभी केली, युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःची वेगळी मोहीम काढली. भारत अमेरिकी आघाडीत गेला नाही, पण आपल्या नौदलाने अरबी समुद्रात गस्त वाढवली. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ जहाज सोडवून ३५ सोमाली चाचे मुंबईत आणले.

तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाला बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी आहे. तिच्या तोंडावरच्या चिमुकल्या जिबूतीत अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली यांचे तळ आहेत आणि २०१७ पासून चीनचाही. चीनचा हा परदेशातला पहिला अधिकृत लष्करी तळ. ‘बाजार आपोआप चालतो’ म्हणणाऱ्यांनी हा नकाशा जरूर बघावा. गंमत म्हणजे एवढा बंदोबस्त असूनही कंपन्यांची भीती गेली नाही. २०२४ भर बहुतेक मोठी कंटेनर जहाजं आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केप ऑफ गुड होपमार्गेच गेली.