चुकून दुसऱ्याच्या खात्यात गेलेले पैसे परत मिळतात का?

परवा रात्री मुलीच्या वसतिगृहाचे ४२,००० रुपये एनईएफटीने पाठवताना खाते क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे उलटसुलट झाले, पैसे कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात जाऊन पडले आणि बँकेत गेलात तर "आता आमच्या हातात काही नाही" असं ऐकून परत यावं लागलं, असं तुम्ही लिहिलंय. आधी एवढं सांगते की पैसे बुडालेले नाहीत. ज्याच्याकडे गेलेत त्याला ते कायद्याने परत करावेच लागतात. मी एका बँकेत सव्वीस वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी काउंटरवर. तुमच्यासारखे अर्ज घेतलेत, आणि दुसऱ्या बाजूला बसून ज्याच्या खात्यात असे पैसे आले त्याला फोनही केलेत. तुमचं काम अडणार असेल तर ते त्या दुसऱ्या बाजूला अडतं, म्हणून तिकडचं जरा सविस्तर लिहिते.

बँकेने सांगितलं ते अर्धं खरं आहे. "पण नाव तर मी बरोबर लिहिलं होतं!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की तुम्हीही ते म्हणाला असाल याची मला खात्री आहे. रिझर्व्ह बँकेने १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकात स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक व्यवहारात रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा करता येईल, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पैसे पाठवणाऱ्याची. त्यामुळे नाव जुळलं नाही तरी पैसे अडत नाहीत. तुम्ही टाकलेला क्रमांक अस्तित्वातच नसता तर तुमची बॅच (एनईएफटीचे व्यवहार असे गटागटाने पुढे जातात) पूर्ण झाल्यापासून दोन तासांच्या आत रक्कम परत फिरली असती. तो क्रमांक नेमका कुणाचा तरी निघाला, आणि एकदा खात्यात पडलेली रक्कम त्या खातेदाराच्या संमतीशिवाय कोणतीही बँक काढून घेऊ शकत नाही. हे चुकीचं वाटतं, पण क्षणभर उलटा विचार करा: कुणीतरी कुठल्या तरी शाखेत जाऊन "माझे पैसे चुकून गेलेत" असं सांगावं आणि बँकेने तुमच्या खात्यातून तेवढी रक्कम कापावी, हे तुम्हाला चाललं नसतं.

उरलेलं अर्धं मात्र खरं नाही. तुमची विनंती समोरच्या बँकेपर्यंत पोचवणं आणि उत्तर आणून देणं हे तुमच्या बँकेचंच काम आहे. तोंडी बोलून परत आलात इथे गाडी अडली. उद्याच लेखी अर्ज घेऊन जा. कस्टमर केअरला फोन करून तक्रार क्रमांक जरूर घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका.

अर्जात व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हवा. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरी असतो, तो तुमच्या स्टेटमेंटमध्ये सापडेल. त्याखाली दोन ओळी एकाखाली एक लिहा: जो क्रमांक टाकायचा होता तो, आणि जो टाकला गेला तो. दोन्ही क्रमांक असे शेजारी दिसले की चूक कशी झाली ते वाचणाऱ्याला बोलून सांगावं लागत नाही. वसतिगृहाने दिलेली पैसे भरायची सूचना किंवा मागच्या वेळची पावती जोडा. समोरच्या शाखेत बसलेला कर्मचारी तुम्हाला ओळखत नाही. त्याच्या टेबलावर असे अर्ज येतात, त्यात खोटेही असतात, आणि हा खरा आहे हे त्याला त्या एका पानावरून पटायला हवं. शेवटी स्पष्ट मागणी लिहा: लाभार्थी खातेदाराशी संपर्क साधावा, त्याची लेखी संमती घेऊन रक्कम माझ्या खात्यात परत करावी, आणि तोपर्यंत शक्य असल्यास तेवढी रक्कम रोखून ठेवावी. रोखून ठेवायला ते बांधील नसतात, तरी मागण्यात काही जात नाही. बँक हमीपत्र मागेल, ते द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही, म्हणजे पोच, घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. पुढे कुठेही जायचं झालं तरी हाच कागद लागतो.

आयएफएससीवरून, म्हणजे शाखेच्या कोडवरून, समोरची शाखा कोणती ते कळतंच. ती जवळपास असेल तर अर्जाची एक प्रत घेऊन स्वतः जा. ते खातेदाराचं नाव, फोन, पत्ता देणार नाहीत. ते गोपनीय ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, तेव्हा त्यावरून वाद घालू नका. "मला माहिती नको, तुम्ही त्यांना फोन करा" एवढंच म्हणा. मी काउंटरवर असताना असा समोर येऊन बसलेला माणूस आणि नुसता आलेला ईमेल यांत फरक पडायचा, हे प्रामाणिकपणे कबूल करते.

आता त्या फोनविषयी. तुमच्या डोळ्यांसमोर एक लबाड माणूस उभा असेल, जो तुमचे पैसे बघून हसतोय. मी केलेल्या फोनवर असा माणूस क्वचित भेटला. बहुतेकांना पैसे आल्याचं माहीतच नसायचं. काही जणांना मेसेज दिसलेला असायचा, पण कुणाकडून तरी यायचे होते तेच आले असं त्यांनी धरलेलं असायचं. आणि एक प्रकार फार वेळा बघितला: खात्यात शिल्लक नसते, कर्जाचा हप्ता थकलेला असतो, चुकून आलेली रक्कम जमा होते आणि हप्ता आपोआप कापला जातो. त्या माणसाने स्वतः एक रुपया काढलेला नसतो, तरी देण्यासाठी त्याच्याकडे काही उरलेलं नसतं. अशा वेळी तो टाळाटाळ करू लागतो आणि इकडच्याला वाटतं की तो चोर आहे. तुमच्या बाबतीत असं निघालं तर हप्त्याहप्त्याने परत घ्यायला तयार व्हा. मात्र किती रक्कम, कोणत्या तारखांना, हे सहीनिशी लिहून घ्या. सगळे एकदम मागत बसलेल्यांपेक्षा असे तयार झालेल्यांचे पैसे लवकर परत आलेले मी पाहिलेत.

दुसरी अडचण भीतीची. "तुमच्या खात्यात चुकून पैसे गेलेत, परत पाठवा" हे फसवणूक करणाऱ्यांचं ठरलेलं वाक्य आहे. खोटा मेसेज पाठवायचा, रडायचं, घाई करायची, आणि समोरचा घाबरून स्वतःच्या खिशातले पैसे पाठवतो. लोकांना आता हे माहीत झालंय, आणि ते चांगलंच झालं. पण त्यामुळे तुमचा खरा फोनसुद्धा तसाच ऐकू येतो. म्हणून त्या माणसाचा नंबर कुठून मिळालाच तरी फोनवर फोन करू नका, धमकी देऊ नका, लिंक किंवा क्यूआर कोड तर मुळीच पाठवू नका. एकच शांत मेसेज पुरे: अमुक तारखेला अमुक रक्कम, हा यूटीआर, मी माझ्या बँकेत अर्ज दिला आहे, कृपया तुम्ही तुमच्या शाखेत जाऊन खातरजमा करा आणि बँकेमार्फतच रक्कम परत करा. "बँकेमार्फतच" हा शब्द वाचला की त्याची अर्धी भीती जाते. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या खात्यात अशी अनोळखी रक्कम आली असेल तर त्यांनीही हेच करावं. खर्च करू नये, फोन करणाऱ्याला थेट परत पाठवू नये, आपल्या शाखेला लेखी कळवावं.

समजा त्याने सरळ नकार दिला. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७२ नुसार ज्याला चुकीने पैसे दिले गेले त्याने ते परत केलेच पाहिजेत. यात त्याने काही गैर केलं होतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही, चुकून गेले एवढं दाखवलं की पुरे. चूक कळल्यानंतरही अप्रामाणिकपणे पैसे दाबून ठेवले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली तो गुन्हाही ठरू शकतो (पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं कलम ४०३ होतं). मात्र तो अदखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतील, लगेच तपासाला निघणार नाहीत. ती अपेक्षा ठेवून जाऊ नका, म्हणजे निराशा होणार नाही. एनसीची प्रत मात्र सांभाळून ठेवा.

माझ्या मते ४२,००० साठी आधी वकिलाची नोटीस द्यावी. नाव-पत्ता ठाऊक नसेल तर ती बँकेमार्फत खातेदारापर्यंत पोचवण्याची विनंती करा. त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं आणि त्यासाठी न्यायालयीन शुल्क लागत नाही. अगदी दिवाणी दावा करायची वेळ आली तर मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि न्यायालयाने आदेश दिला की बँकेला खातेदाराची माहिती द्यावीच लागते. इथपर्यंत पोचलेली प्रकरणं मी थोडीच पाहिली. नोटीस हातात पडल्यावर बरेच जण शाखेत येऊन संमतीपत्रावर सही करून गेले.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं, नाव तुम्हाला कुणीतरी सांगेल. लोकपाल त्या खातेदाराला पैसे द्यायला लावू शकत नाही, कारण तक्रार बँकेच्या सेवेविषयी असावी लागते. तुमचा अर्ज तुमच्या बँकेने पुढे पाठवलाच नाही, किंवा ३० दिवसांत काही उत्तर दिलं नाही, तर मात्र तिथे जरूर तक्रार करा. पोच लागेल असं म्हटलं ते यासाठीच.

यूपीआयने पाठवताना असं झालं असेल तर रस्ता हाच. फरक इतकाच की आधी अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवायची आणि १२ आकडी संदर्भ क्रमांक बँकेला द्यायचा. अ‍ॅपचा किंवा बँकेचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे भामट्यांनी स्वतःचे नंबर पेरून ठेवलेले असतात, आणि आधीच पैसे गेल्याने कासावीस झालेला माणूस त्यांना आयता सापडतो. पैसे मिळवून देतो म्हणत कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या.

वसतिगृहाचे पैसे तर तुम्हाला आता पुन्हा पाठवावे लागतीलच. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पासून बँकांनी द्यायची आहे, आणि तिचे पैसे पडत नाहीत. क्रमांक टाकल्यावर नाव तपासायचा पर्याय शोधा. नाव वसतिगृहाचंच आहे हे वाचून मगच पुढे जा. तरी मन धजत नसेल तर आधी एक रुपया पाठवा, वसतिगृहाच्या कार्यालयाकडून "आला" असं कळू द्या, आणि बाकीची रक्कम त्याच साठवलेल्या नावावर पाठवा. क्रमांक दुसऱ्यांदा हाताने टाकू नका. बँकेत अर्ज दिलात की त्याच दिवशी कार्यालयाला एक ईमेलही करा: रक्कम अमुक तारखेला चुकीच्या खात्यात गेली, बँकेत दिलेल्या अर्जाची प्रत सोबत आहे, दोन आठवड्यांची मुदत द्यावी. पोच दिलेली प्रत जोडलेली असली की असा वेळ बहुधा मिळतो.